उपटेल तिची पऱ्हाटी

यवतमाळच्या दत्त चौकातल्या फ्लेक्सच्या दुकानात बॅनर मशीनच्या तोंडातून हळूहळू बाहेर येत होता आणि दीपा कंटाळून भिंतीला टेकून उभी होती. आधी निळं आभाळ आलं, मग परदेशी संस्थेचं चिन्ह, मग इथल्या संस्थेचं, आणि मग एकदम हातभर उंचीचा ‘टा’. पाठोपाठ ‘का’. पाठोपाठ ‘ऊ’. ओली, काळी, चकाकणारी अक्षरं. दीपा भिंतीपासून सरळ झाली. शब्द तिला नवा नव्हता. ‘टाकाऊ पऱ्हाटीतून जिवंत माती’ हे वाक्य तिनं कितीतरी सभांमध्ये म्हटलं होतं, लॅपटॉपवर टाईप केलं होतं, आणि कधी दाताखाली खडा आला नव्हता. आज तोच शब्द एवढा थोरला होऊन समोर आला आणि तिच्या तळहातांना खाज सुटली. खरोखरची खाज, बोटांच्या मुळाशी, पऱ्हाटी उपटताना फोड येतात ना, तिथं. ‘म्याडम, शाई ओली हाय, हात नका लावू,’ दुकानातला अक्षय ओरडला. तोवर तिनं हात लावला होता.

बॅनरची गुंडाळी स्कूटीवर आडवी बांधून ती निघाली खरी, पण आर्णी रोडच्या गर्दीत तिचं लक्ष काही लागेना. टाकाऊ म्हणजे कोणी टाकलेलं? ज्यांच्या वावरात, म्हणजे शेतात, आज कार्यक्रम होता त्या रामरावांनी? रामरावांनी जन्मात कधी पऱ्हाटी हातात धरली होती का? कापूस वेचून संपला की शेतात कपाशीच्या वाळक्या काड्या उभ्या राहतात, माणसाच्या कमरेएवढ्या, खाली मुळं घट्ट रुतलेली. त्या उपटायच्या म्हणजे लोखंडी चिमट्यात बुंधा पकडून साऱ्या अंगाचा झोक मागं द्यायचा. माय झोक द्यायची तेव्हा तिच्या तोंडातून ‘हूं’ असा आवाज निघायचा, आणि काडी सुटली की ती अर्धं पाऊल मागं जायची. पुन्हा पुढं, पुन्हा हूं. माघ-फाल्गुनातलं ऊन, शेत संपता संपायचं नाही. शाळा सुटल्यावर दीपा त्या काड्या गोळा करून जुड्या बांधायची. याची मजुरी? मजुरी कुठली! गावातला रिवाजच असा की उपटेल तिची पऱ्हाटी. वावरवाल्याला वावर साफ मिळायचं, उपटणारीला जळतण. कागद नाही, बोलणी नाही. बाया चिमटे घेऊन वावरात शिरल्या की झालं. बस्तीत प्रत्येक घराच्या बाजूला पऱ्हाटीची गंजी उभी राहायची आणि सोयरीक पाहायला आलेली माणसं पाणी प्यायच्या आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून गंजी पाहून घ्यायची. ज्या घरची गंजी उंच त्या घरच्या बाया कामाच्या. मायची, म्हणजे मथुराबाईची, गंजी छपराच्या वर जायची, आणि त्याचा तिला केवढा माज होता!

आणि काल संध्याकाळीच त्या मथुराबाईचा फोन आला होता. तिच्या मते फोनवर ओरडायचंच असतं, आणि हालहवाल वगैरे विचारायची तिला सवय नाही. ‘दीपे, रामराव पऱ्हाटी उपटू देत नाई म्हणते. अवंदा मशीन लावतो म्हणते. तुह्या हाफिसाले द्याची हाय म्हणते सारी, कोळसा कराले. हे खरं हाय काय?’ दीपा त्या वेळी पाहुण्यांच्या जेवणाचं पाहत होती. भाकर की पोळी, वांग्याच्या भाजीत तिखट किती, बाटलीतलं पाणी कुठून आणायचं. ‘पाहतो माय,’ एवढं म्हणून तिनं फोन ठेवला, जेवली आणि झोपली. छान झोप लागली होती. त्या झोपेचाच आता तिला एवढा राग आला की लाल दिव्यापाशी मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा ती वळून त्याच्यावरच खेकसली. ‘उडून जाऊ काय?’

दुपारी गाडी राळेगावच्या रस्त्याला लागली. पुढच्या सीटवर नयन सर, प्रकल्पाचे प्रमुख, दिग्रसच्या जिनिंगवाल्या घरातले, चांगला माणूस. खोटं कशाला बोला, चांगलाच होता. दीपाची मुलाखत त्यानंच घेतली होती आणि ‘ह्या तालुक्यातली पोरगी पाह्यजे मले, पुण्याची नको’ असं म्हणून तिला घेतलं होतं. मागं दीपाच्या शेजारी योहाना, युरोपातल्या त्या संस्थेची बाई, उंच, नाक उन्हानं सोललेलं, खिडकीतून सगळं बघणारी. योहानाही वाईट नव्हती. ती जमिनीला हात लावून बघायची, चपला काढून ढेकळात उभी राहायची. आणि प्रकल्प? तोही वाईट नव्हता हो, हीच तर पंचाईत होती. पऱ्हाटी भट्टीत झाकून जाळायची, तिचा कोळसा मातीत कालवायचा, माती पाणी धरून ठेवते, आणि जो धूर आभाळात जायचा तो जात नाही. दीपानं स्वतः वणीच्या बाजूच्या एका शिवारात ती माती मुठीत घेऊन पाहिली होती. दाबली की लाडू व्हायचा. तिला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की तिनं घरी फोन करून सांगितलं होतं, आणि माय म्हणाली होती, ‘बरं हाय, बाप्पा. माती सुधरली तं कापूस होईन, कापूस झाला तं वेचाले भेटन.’ दूर देशातल्या लोकांनी आपल्या मातीची काळजी करावी, यात दीपाला कमीपणा कधी वाटला नव्हता. उलट बरं वाटायचं, कोणीतरी नकाशावर इथं बोट ठेवलं म्हणून.

मग चुकलं कुठं? गाडीतल्या थंड हवेत बसून ती तेच उकरत राहिली. पाहणी झाली होती तीन उन्हाळ्यांमागं, तिच्या नोकरीच्या आधी. पाहणीवाली पोरं गावात आली, वावरांच्या मालकांना भेटली, सगळं रीतीनं. पऱ्हाटीचं काय करता? रामराव म्हणाले असतील, काही नाही करत. आणि ते खरं होतं! रामराव खोटं बोलले नव्हते. ते पऱ्हाटीचं खरंच काही करत नव्हते, करणाऱ्या दुसऱ्याच होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही, कारण वावर त्यांचं नव्हतं. मग कुणीतरी यवतमाळच्या ऑफिसात, कुणीतरी त्याच्याही पुढं विमानानं जायच्या गावात बसून ठरवलं की ज्याचं कोणी काही करत नाही ते शेतात पडून जळतं. एवढ्याशा जागेतून अख्ख्या बस्तीचं जळतण निसटलं. दीपाला हसूच आलं.

‘सर,’ ती पुढं वाकून म्हणाली, ‘बॅनरवरचा टाकाऊ शब्द बरोबर नाही.’

‘आता? आता सांगून राह्यली तू?’

‘ती पऱ्हाटी बाया नेतात सर. आमच्या बस्तीतल्या. चुलीसाठी.’

नयन सरांनी आरशातून योहानाकडे पाहिलं. ती मोबाईलवर शेतांचे फोटो काढत होती, मराठी तिला समजत नव्हती. ‘हे पाह्य दीपा, सातबारा ज्याचा त्याची पऱ्हाटी. त्यानं इतके दिवस नेऊ दिली, आता त्यानं आपल्याला द्यायचं ठरवलं. अन् सिलेंडर आहे ना सगळ्यांकडं? धुरात कायले डोळे फोडतात त्या?’

झालं! धूर काढला. दीपा संतापून मागं टेकली. धूर वाईट आहे हे तिला कोणी शिकवायला नको होतं. चुलीपाशी बसून तिनं दहावीचा अभ्यास केला होता, वहीच्या पानांना वास यायचा आणि वर्गातल्या वावरवाल्यांच्या पोरी नाक उडवायच्या. मायचे डोळे कायम लाल. सिलेंडर होतं, शेंदरी रंगाचं, घराच्या कोपऱ्यात, वर धुतलेलं फडकं घातलेलं. पाहुणा आला की त्याच्यावर चहा व्हायचा. रोजची भाकर, डाळ, आंघोळीचं पाणी, सगळं पऱ्हाटीवर. धुरातून सुटका व्हावी असं तिला नोकरी लागल्यापासून वाटत होतं, पण ती सुटका मायच्या हातातलं सरपण हिसकून होणार असेल तर त्याला मातीचं भलं म्हणायचं? माझ्या मायचे डोळे तुमच्या कामाला आले की तुम्ही ते पुढं करता, असं तिला ओरडून म्हणावंसं वाटलं. पण गाडी राळेगावातून बाहेर पडली होती, नयन सर ड्रायव्हरशी रस्त्याबद्दल बोलत होते आणि योहाना तिला विचारत होती, ही उभी वाळकी झाडं म्हणजेच ती का? हो, दीपा म्हणाली, हीच ती.

तिला एकाएकी आजा आठवला. पाहिलेला नव्हता तिनं, बाबांच्या तोंडून ऐकलेला. छप्पन सालानंतर आज्यानं गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढणार नाही, म्हणाला. वरच्या आळीनं बस्तीला कामं देणं बंद केलं, विहिरीकडची वाट अडवली. आजा लेकरं घेऊन दुसऱ्या गावच्या शिवारात निंदणाला जाऊ लागला, पण ढोराला हात लावला नाही. बाबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा पाठ ताठ करून बसायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, ‘मंग आले थेच बोलवाले. कापूस कोण वेचणार होता?’ लहानपणी दीपाला ती गोष्ट फार आवडायची. मोठी झाल्यावर, ऑफिसात बसायला लागल्यावर, ती कधी कुणाला सांगितली नाही. तिनं इंग्रजी शिकून घेतलं, गोड बोलायला शिकली, गावातल्या माणसाचं कडू बोलणं पाहुण्यांपर्यंत पोचता पोचता गुळगुळीत करायची हातोटी तिला आली, आणि सगळे तिचं कौतुक करायचे. दीपा सोबत असली की भेट चांगली होते, असं.

एसटी जिथं वळून परत जाते तिथून पुढं रामरावांचं वावर. मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, बाजूला भट्टीचा खड्डा खणलेला. ड्रायव्हरनं दोन बाभळींच्या मध्ये बॅनर बांधला. रामराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हार घेऊन उभे. पण योहानाचं लक्ष हाराकडे गेलंच नाही, दीपाचंही नाही. अर्धं वावर साफ होतं. पहाटेपासून कोणीतरी उपटून ठेवलं होतं, आणि धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पऱ्हाटीचे भारे रचलेले होते, दोरीनं करकचून बांधलेले. त्या भाऱ्यांवर बस्तीतल्या बाया बसल्या होत्या. धुरपताबाई, रामीबाई, आणखी कितीतरी, पदर खोचलेले, चिमटे मांडीवर. मधोमध मथुराबाई. दीपानं तिला पाहिलं, तिनं दीपाला पाहिलं, आणि ओळख दाखवली नाही.

‘सकाऊनच घुसल्या,’ रामराव नयन सरांच्या कानाशी लागले. ‘मी झोपलो व्हतो. आता हटत नाई. तुमी बोला.’

ह्या कोण, योहानानं विचारलं. नयन सर हसले. मग दीपाकडं वळून, ओठ फारसे न हलवता म्हणाले, ‘सांग, गावच्या महिला स्वागताला आल्यात.’

वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं. किती सोपं होतं ते! इंग्रजीतलं चार शब्दांचं वाक्य, हसून म्हणायचं, मग सगळे मांडवात जाणार, चहा येणार, आणि संध्याकाळी ट्रॅक्टर येऊन भारे भट्टीवर टाकणार. पण मायच्या हातांकडं तिचं लक्ष गेलं. उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली होती, तिच्यातून ओलं दिसत होतं.

‘दीपे,’ मथुराबाई एकदम म्हणाली, ऐकू जाईल अशा आवाजात, ‘तिले पुस, थे सयपाक कायच्यावर करते?’

दीपानं विचारलं. शब्दाला शब्द. योहानाला मौज वाटली. विजेच्या शेगडीवर, ती म्हणाली.

‘अन् ती शेगडी कोणी उचलून नेली, अन् म्हणलं का टाकाऊ व्हती, तं?’

दीपानं तेही सांगितलं, आणि सांगताना बॅनरकडं बोट केलं. योहानाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. नयन सर ‘दीपा’ म्हणाले, हळू, दटावून. पण आता दीपाचं तोंड उघडलं होतं आणि ते मिटायचं नाही हे तिला स्वतःलाच कळत होतं.  तिनं योहानाला सांगितलं की हे कधीच टाकाऊ नव्हतं. हे उपटायला कष्ट पडतात, आणि त्या कष्टाचा मोबदला हेच. ही मधली बाई माझी आई आहे. मी ह्याच काड्यांवर शिजलेलं खाऊन मोठी झाले. तुमच्या पाहणीनं मालकाला विचारलं, आणि मालक खरं बोलला, पण ह्यांना विचारलं नाही. तिचं इंग्रजी मध्येच अडखळलं, एक क्रियापद चुकलं, तिनं ते दुरुस्त केलं नाही.

योहाना मग रामरावांकडं वळली आणि दीपाकरवी विचारलं, तुम्ही पऱ्हाटीचं काय करत होता?

‘काही नाई. मागंच सांगतलं ना मी.’

मग वावर साफ कसं होत होतं?

रामराव हार ह्या हातातून त्या हातात घेत म्हणाले, ‘थे… ह्या बाया नेत.’

फुकट?

‘फुकट कायची?’ रामराव भडकले. ‘उपटून द्याच्या ना पूर्ण वावर! मुळासकट!’ आणि बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. धुरपताबाई खदखदून हसली. ‘आता कसं बोलले, पाटील!’

दीपानं तेही जसंच्या तसं सांगितलं. तिला आत एक दुष्ट आनंद झाला, तो तिनं लपवला नाही. योहाना मांडवाच्या सावलीत गेली, परत आली. म्हणाली, आमचा सगळा हिशेब ही पऱ्हाटी शेतात जळते यावर उभा आहे. ती चुलीत जात असेल तर तो हिशेब खोटा आहे. हे मला तिकडं सांगावं लागेल. कदाचित ह्या गावात भट्टी होणार नाही. कदाचित अर्धं-अर्धं करता येईल, बायांना चांगल्या शेगड्या देता येतील, मला माहीत नाही. तिचं नाक आणखी लाल झालं होतं. प्रामाणिकपणे बोलत होती ती, आणि दीपाला तिच्याबद्दल वाईटही वाटलं. शेवटी योहाना म्हणाली, निर्णय होईपर्यंत हे भारे इथंच राहू द्या, कोणीच हात लावू नका. हे सगळ्यांच्या दृष्टीनं योग्य होईल.

नयन सरांनी लगेच मान हलवली. वाट सापडली होती त्यांना.

दीपानं बायांना सगळं सांगितलं. गाव प्रकल्पातून जाऊ शकतं हेही, शेगड्यांचंही, भारे इथंच ठेवायचे हेही. रामरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ‘मथुराबाई, माह्यं वावर बुडवून राह्यल्या तुमी. पुढच्या सालात वेचाले बोलवतो का नाई, पाह्यजा मंग.’

‘नका बोलवू. वेचजा तुमीच. वाकता येते काय?’ मथुराबाई भाऱ्यावरून उतरली. दीपाला वाटलं ती आता योहानाला काहीतरी विचारेल. तिनं नुसतं तिच्याकडं पाहिलं, रागानं नाही, शेजारच्या बाईकडं पाहावं तसं. ‘बाई चांगली हाय थे. तिले म्हणा, तुहा निर्णय होईस्तोवर आमच्या घरी उपास नाई ठेवता येत. वावरात उभी हाय ते पुढं पाहू, बसू, बोलू. हे उपटलेलं हाय. हे कोणाचं, याच्यावर कायचा निर्णय?’

दीपा वळली. सांगायला लागली, आणि थांबली. ‘पुढं पाहू, बसू, बोलू’ पर्यंत तिचा आवाज नीट होता, शेवटच्या वाक्याला फाटला. तरी सांगितलं तिनं, सगळं. योहाना एक पाऊल बाजूला झाली, धुऱ्यावरची वाट मोकळी करत.

बाया उठल्या. एकमेकींना हात देत भारे डोक्यावर चढवू लागल्या. नयन सर दीपाजवळ आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. ‘दीपा, त्यांना थांबव. तुझं ऐकतात त्या. आज हे भारे गेले ना, तर तिकडं माझं तोंड राहणार नाही, अन् ऑफिसात तुझी जागा राहणार नाही. धमकी नाही देत, सांगून ठेवतो.’

तिला माहीत होतं तो धमकी देत नाही. खरंच सांगत होता. तिच्या डोळ्यासमोर वाघापूरची भाड्याची खोली आली, लॅपटॉप आला, मायच्या डोळ्यांचा डॉक्टर आला, सगळं आलं. भीती वाटली. मोठी भीती वाटली, उगाच कशाला नाही म्हणा. आणि त्या भीतीचाच तिला संताप आला. ह्याच भीतीनं इतके दिवस आपलं तोंड गोड ठेवलं होतं.

‘सर, त्या थांबणार नाहीत,’ ती म्हणाली. ‘अन् मी थांबवणार नाही.’

एक भारा उरला होता, बहुतेक मायनं स्वतःसाठी दुसऱ्या फेरीला ठेवलेला. दीपानं गळ्यातली ओढणी काढली, पीळ देऊन तिची चुंबळ केली आणि डोक्यावर बसवली. खाली बसून भाऱ्याखाली हात घातले. रामीबाईनं मागून हात लावला. ‘जमन काय वं तुले?’ उठताना गुडघे कडकडले, मान खांद्यात दबली, काड्या कानाला टोचल्या, आणि मग शरीरानं आपलं आपण वजन सांभाळलं. पुढं माय चालत होती, तिच्यापुढं धुरपताबाई, ढेकळांतून बस्तीच्या दिशेनं. मागून नयन सरांनी हाक मारली, नावानं, एकदा आणि मग पुन्हा, मोठ्यानं. डोक्यावर भारा असला की मान वळत नाही, मागं पाहायचं तर अख्ख्या अंगानं वळावं लागतं.

दीपा वळली नाही.